अनुभव धागा : तुमच्या घरात मत कुणाचं ठरायचं?

शहापूरकर
काल आमच्या बेळगावात पुतण्या राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाच्या, मिरवणुकीतून घरी आला तो गळ्यात कन्नड झेंड्याचा लाल-पिवळा शेला घालूनच. कॉलेजातली सगळी पोरं चन्नम्मा सर्कलला नाचायला गेली होती, हाही गेला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी जेवताना गप्प बसलो.

आमच्या अप्पांनी १ नोव्हेंबरला दुकान कधी उघडलं नाही. दंडाला काळी फीत लावायची, सायकल फेरीत जायचं, मराठा मंदिरातली सभा ऐकायची आणि घरी येऊन पिठलं-भात. त्या दिवशी घरात गोड करायचं नाही. १९५६ साली आपल्याला न विचारता म्हैसूर राज्यात घातलं, त्या दिवसाचा सण कसला करायचा, असं त्यांचं साधं म्हणणं.

मी जुन्या वळणाचा माणूस. सकाळी पूजा, मग पेपर, शिवजयंती तिथीचीच, आणि टीव्हीवर चौघं एकदम ओरडायला लागले की आवाज बंद. आता गंमत बघा. अप्पा आयुष्यभर महाराष्ट्र एकीकरण समितीला मत देत आले, भाषेसाठी. आमचा मुलगा कमळाला देतो, धर्मासाठी. दोघांचं म्हणणं एकच, की आम्ही पूर्वजांचं राखतोय. बेळगावात जुनं राखायचं म्हणजे नेमकं कुठलं राखायचं, हे आधी ठरवावं लागतं. सोलापूर-साताऱ्याकडच्या पाहुण्यांना ही अडचणच कळत नाही.

तुमच्याकडं कसं होतं? कोण ठरवायचं? पेपर कुठला यायचा, बातम्या कुणाच्या हुकमानं लागायच्या? लिहा. भांडण नको.

निपाणीवाला
आमच्यात आजोबा. विषय संपला 😄
समितीचा माणूस अपक्ष म्हणून उभा असायचा, त्यामुळं चिन्ह दर खेपेला नवीन. आज्जीला वाचता येत नव्हतं. मग आजोबा गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं चिन्ह काढून ठेवायचे आणि मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत जाता-येता तिला विचारायचे, हे काय? एकदा त्यांनी काढलेलं चित्र आम्हालाच ओळखू येईना. आज्जी म्हणाली, हे जे काय हाय ते कागदावर दिसलं न्हाई तर मी कुणाला देऊ?
निपाणीत खरं राजकारण तंबाखूचं. ८१ साली शरद जोशींचं आंदोलन झालं, हायवेवर शेतकरी बसले होते, गोळीबार झाला. वडील त्यात होते. तेव्हा तिथं कोण मराठी, कोण कन्नड हे कुणी विचारलं नव्हतं. दर किती एवढंच. बिड्यांवर लिहायला लागलो तर रात्र जाईल, थांबतो.

खानापूरची सून
भाजी फोडणीला टाकून लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.
आमच्याकडं मत सासऱ्यांचं, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार सासूबाईंचे आणि फुकटची बस माझी 😂 रेशन कार्डावर घरची मुख्य बाई म्हणून सासूबाईंचं नाव, म्हणून पैसे त्यांच्या खात्यावर. सासरे रोज सकाळी पेपर हातात धरून व्याख्यान देतात, सरकारानं लोकांना फुकटाची सवय लावली, देश बुडणार. सासूबाई ऐकून घेतात. मागच्या महिन्यात गॅस संपला तेव्हा त्यांनी पिशवीतून पैसे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, हे बुडालेल्या देशाचे.
तेव्हापासून व्याख्यान बारीक आवाजात होतं.
माझी बहीण चंदगडला दिलीय. तिला लाडक्या बहिणीचे पंधराशे, एसटीत अर्धं तिकीट. मी इकडच्या आधार कार्डावर फुकट. माहेरी एकत्र जमलो की हिशोब सुरू, कुठल्या राज्यात दिलेली पोरगी फायद्यात. सीमाप्रश्न आमच्या आईच्या स्वयंपाकघरात रोज सुटतो आणि रोज चिघळतो.

कॅम्पातला
@खानापूरची सून, सासूबाईंना पुढच्या वेळी उभं करा. माझं मत पक्कं.

निपाणीवाला
माझंपण. पण चिन्ह सोपं घ्या.

पुण्यात अडकलेली
मी बातम्यांचं सांगते. बाबांचा तरुण भारत. बाबुराव ठाकुरांनी १९१९ साली काढलेला पेपर, असं ते पाहुण्यांना पेपर हातात देतानाच सांगायचे. आधी निधनवार्ता, मग स्थानिक पान, मग दिल्ली. "आधी गल्लीतलं कोण गेलं ते बघावं, मग पंतप्रधान."
आता मी पुण्यात. इकडच्या चॅनेलवर बेळगाव वर्षातून दोनदाच दिसतं. एकदा डिसेंबरात हलग्याला कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन असतं तेव्हा आणि एकदा कुणी बसला काळं फासलं की. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाली, त्या प्रकरणानंतर दोन्हीकडच्या बस थांबल्या, तेव्हा पडद्यावर लाल अक्षरात "सीमाभाग पेटला". घाबरून आईला फोन केला. आई गणपत गल्लीत, मागं भाजीवाल्याचा आवाज. म्हणते, "काय पेटलंय गं? मेथी घेऊलाल्ये. नंतर कर." आणि ठेवला.
तो लाल पट्टा रात्रभर फिरत होता. तीच एक बस, तेच दृश्य, मला वाटलं सोळा बस फोडल्या.

हिंडलगा वेस
आता पेटत नाही, पेटलं ते ८६ साली. जूनमध्ये. कन्नडसक्तीच्या विरोधातलं आंदोलन. छगन भुजबळ वेषांतर करून शहरात आले होते, पकडले गेले. आमच्या हिंडलग्यात हुतात्मा स्मारक आहे, १ जूनला अजून लोक जमतात. पूर्वीएवढे नाहीत. मी जातो. पोरं म्हणतात, बाबा, ऊन आहे.

शहापूरकर
@हिंडलगा वेस, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. नमस्कार.

चिक्कोडीचा
आमचं घर कन्नड, शाळा मराठी, दुकानात जे गिऱ्हाईक येईल ती भाषा. त्यामुळे थोडं पलीकडून लिहितो, राग मानू नका. शहापूरकर काका, तुमच्या अप्पांसारखेच आमचे वडील. फक्त १ नोव्हेंबरला आमच्याकडं होळगी, म्हणजे पुरणपोळी. बाकी सगळं तेच! मोठ्यांसमोर बोलायचं नाही, सिनेमा देवाधर्माचा असेल तरच, निवडणुकीत जातीचा माणूस बघायचा आणि वरून म्हणायचं आम्ही जात बघत नाही. काल मिरवणूक बघून आले आणि तुमच्यासारखेच गप्प जेवले. का, तर डीजे. म्हणाले, नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, लावून मग त्यावर हे असलं नाचायचं?

शहापूरकर
अहो मग तुमचे वडील आणि मी एका पक्षाचे! आमच्या शिवजयंतीच्या चित्ररथांचं तेच झालंय. रात्रभर मिरवणूक चालायची, आम्ही पोरं पायरीवर पेंगत बसायचो, आई उठवून सांगायची बघ, अफझलखानाचा देखावा आला. मावळे खरे, दाढ्या कापसाच्या. आता रथाच्या पुढं भिंतीएवढे स्पीकर आणि मागं देखावा आहे की नाही ते कुणी बघत नाही. महाराजांपुढं कुठली गाणी लावतात, तेही इथं लिहिण्यासारखं नाही. ह्यावर कुठलाच पक्ष बोलत नाही, कारण नाचणारी पोरं सगळ्यांचीच कार्यकर्ती.

अनगोळ जंक्शन
वय २१. शिव्या खायला तयार.
महाराष्ट्रानं सीमाप्रश्नावर सुप्रीम कोर्टात दावा घातला २००४ साली. माझ्याहून तो दावा थोरला. मतदान मीपण करूलालोय, दावा अजून तारखांवरच. २०२१ ला महापालिकेत ५८ पैकी ३५ जागा भाजपच्या आल्या, त्यात मराठी मतं नव्हती काय? आमच्याच गल्लीतली होती. आजोबा दोन दिवस बोलले नाहीत कुणाशी. मी कन्नड शिकलो म्हणून मला नोकरी लागली. घरात मराठीच बोलतो, बायको मराठीच करणार. आता सांगा, मी कुठल्या बाजूचा?

कॅम्पातला
आधी बायको मिळू दे रे 😄

हिंडलगा वेस
@अनगोळ जंक्शन, शिव्या कशाला. कन्नड शिकलास ते चांगलंच केलंस. सक्तीला विरोध होता, भाषेला नव्हे. ह्या दोहोंतला फरक आमच्या पिढीनं पोरांना नीट सांगितला नाही आणि पुढाऱ्यांना सांगायचा नव्हता. समितीत गट पडले, एका जागेला आपलेच दोघं उभे राहायला लागले, ते बघून लोक गेले. धर्मासाठी गेले म्हणतात, त्यातले अर्धे वैतागून गेलेत.

अनगोळ जंक्शन
हे आजोबांना कळवतो. नाव न सांगता.

खानापूरची सून
भाजी करपली नाही, काळजी नसावी. कुणाला उतारा वाचता येतो का? गावाकडच्या जमिनीचा, सगळा कन्नडमध्ये. सासरे कुणाला दाखवायला तयार नाहीत आणि स्वतःला वाचता येत नाही. क्षेत्र कमी लागलंय म्हणून दोन दिवस बीपी वाढवून बसलेत.

चिक्कोडीचा
वहिनी, पाठवा फोटो. नावं आणि सर्व्हे नंबर झाकून पाठवा.

खानापूरची सून
पाठवला बघा मेसेजात.

चिक्कोडीचा
बघितला. जमीन कुणी नेली नाही. एकूण क्षेत्र वर आहे, त्यातून खराबा, म्हणजे न पिकणारी जमीन, वजा करून खाली बाकी दाखवलीय, मामांनी खालचाच आकडा बघितला असणार. आणि त्यांना सांगा, खातेदारांत सासूबाईंचंपण नाव आहे.

निपाणीवाला
गेला देश.