मदत हवी आहे: काकांनी केलेलं भाषांतर कॅनडातून परत आलं (एक दाखला कन्नड, एक मराठी)

नंदगडची लेक

नमस्कार मंडळी. माहेर खानापूर तालुक्यात, नंदगडजवळ. सासर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. सध्या राहते बेळगावात, अनगोळला. मिस्टर कॅनडात पीआरवर (कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर) आहेत, त्यांनी माझी स्पॉन्सरशिप भरली आहे. सगळे कागद अपलोड केले, आणि गेल्या आठवड्यात तिकडून पत्र आलं: भाषांतर नातेवाइकानं केलेलं चालत नाही, ३० दिवसांत नवीन द्या.

झालं असं. माझा जन्मदाखला तहसीलदार ऑफिसातला, कन्नडात, हातानं भरलेला. लग्नाची नोंद सासरच्या ग्रामपंचायतीत, म्हणून तो दाखला मराठीत. दोन्हींचं इंग्रजी करायचं होतं. आमचे धाकटे काका हायस्कूलला मास्तर होते, तिन्ही भाषा पक्क्या. "दोन पानांसाठी पैसे कशाला घालवतेस," म्हणाले आणि एका दुपारात करून दिलं. खडेबाजारात टाइप केलं, कोर्टाच्या आवारात नोटरी केली, लाल शिक्का, तिकीट, सगळं झालं. भाषांतरात एक चूक नाही, हे मी आजही सांगते. पण खाली सही काकांची आणि आडनाव माझ्या माहेरचं. तिथंच सापडलो.

आता इथला एक एजंट म्हणतो, भाषांतराचं सोडा, कॅनडानं नियम बदललाय, सगळ्या कागदांना दिल्लीचं अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं तो शिक्का) लागणार, अठरा हजार होतील. दुसऱ्या एकानं सांगितलं की महाराष्ट्रातल्या दाखल्याचं काम कर्नाटकातल्या नोटरीकडं होतच नाही, कोल्हापूरला जा. कुणाचं खरं धरायचं? हातात बावीस दिवस आहेत. कुणी यातून गेलं असेल तर सांगा की.

अनगोळचा

काका चालत नाहीत म्हणजे काय ओ? आमच्या अर्ध्या गल्लीचे अर्ज काकाच भरतात.

बाकी मूळ दुखणं वेगळंच आहे. आपल्या भागात दाखले मराठीतही द्या म्हणून किती वर्षं ओरडतोय आपण. दिले असते तर ही वेळ आली नसती.

जुना कारकून

@अनगोळचा, मागणी रास्त आहे, पण दाखला मराठीत मिळाला असता तरी कॅनडातल्या साहेबाला तो कुठं वाचता येणार होता? इंग्रजी करावंच लागलं असतं. तो विषय दुसऱ्या धाग्यावर घेऊ.

ताई, बावीस दिवस पुरेसे आहेत, घाबरू नका.

आधी काकांचं. कॅनडाच्या इमिग्रेशनचा नियम स्पष्ट आहे: अर्जदार स्वतः, त्याच्या घरचे लोक, आणि त्याच्या वतीनं अर्ज भरणारा प्रतिनिधी यांनी केलेलं भाषांतर धरत नाहीत, मग ते वकील असोत की मास्तर. घरचे म्हणजे आई-वडील, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा, मुलं एवढेच नव्हेत. काका, मामा, आत्या, मावशी, पुतणे, भाचे, चुलत-मावस-आते-मामे भावंडं, सगळे त्यात येतात. इंग्रजीत या सगळ्या गोतावळ्याला चार-पाचच शब्द, त्यामुळं कुणीच सुटत नाही.

मग चालतं कोण? नात्याबाहेरचं कुणीही, ज्याला ती भाषा आणि इंग्रजी नीट येतं. भाषांतरकार मान्यताप्राप्त नसेल (आपल्याकडं बहुतेक नसतोच) तर त्यानं शपथपत्र द्यायचं: मला कन्नड आणि इंग्रजी दोन्ही येतात, हे भाषांतर मुळाशी जुळतं आणि बिनचूक आहे. मराठी दाखल्यासाठी तसंच मराठी आणि इंग्रजीचं. शपथपत्र इंग्रजीत. आणि नीट वाचा, शपथपत्र भाषांतरकाराचं, तुमचं नव्हे. कोर्टाच्या आवारात टाइप करणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर एक ठरलेला नमुना असतो, "मी अमुक, राहणार अमुक, शपथेवर सांगते की माझ्या दाखल्याचं भाषांतर खरं आहे." ते तुमच्या नावानं छापतात, सही तुमची घेतात. ते कागद पुन्हा परत येतील.

तिसरी गोष्ट मूळ दाखल्याची सत्यप्रत. आपले नोटरी झेरॉक्सवर "ट्रू कॉपी" असा रबरी शिक्का मारून मोकळे होतात. तिथं नोटरीकडून पूर्ण ओळ लिहून घ्या: ही मूळ कागदाची खरी प्रत आहे. शिवाय कागदाचं नाव, तारीख, नोटरीचं नाव, हुद्दा आणि सही. मूळ दाखला सोबत न्या, नुसत्या झेरॉक्सवर काम करणाऱ्याकडं जाऊ नका.

आणि कोल्हापूर राहू दे. शपथ भाषांतरकार घेतो, म्हणून ती त्याच्या गावच्या नोटरीसमोर घ्यायची. दाखला महाराष्ट्रातला असो की मणिपूरचा, भाषांतर बेळगावात झालं तर शपथपत्रही बेळगावातच. नोटरी कायदा १९५२चा, केंद्राचा आहे, आणि त्याच्या कलम ८ मध्ये नोटरीच्या कामांत भाषांतराची पडताळणीही आहे.

अपॉस्टिलबद्दल संध्याकाळी लिहितो, नातवाला शाळेतून आणायचंय.

निपाणीकर, मुक्काम ब्रॅम्प्टन

कारकूनसाहेबांनी सगळं बरोबर सांगितलंय. मी एक भर घालतो, कारण यातच आमचे चार महिने गेले.

शिक्के! दाखल्यावर जे जे शिक्के आहेत त्यांचंही भाषांतर लागतं. बायकोच्या दाखल्याचा मजकूर अक्षरन् अक्षर केला होता, पण खालचा गोल शिक्का कन्नडात, कोपऱ्यात आडवा मारलेला एक दुसरा, आणि मागच्या पानावर नक्कल दिल्याच्या तारखेचा. ते तिन्ही सुटले. आपल्या डोळ्याला शिक्का म्हणजे चित्र, तो कुणी वाचत नाही. तिथला माणूस मात्र मोजतो. तुमच्या मराठी दाखल्यावरही ग्रामपंचायतीचा गोल शिक्का असणार, तोही धरा.

आणि पीसीसी (पोलिसांत गुन्हा नाही असा दाखला) मागितली तर ती पासपोर्ट ऑफिसचीच लागते. २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातही अर्ज घेतात, हुबळीला जायलाच पाहिजे असं नाही. ती इंग्रजीतच मिळते.

संकेश्वरी मिरची

एवढा कुटाणा कशाला? काकांचंच भाषांतर पुन्हा छापा, खाली त्यांच्या मित्राची सही घ्या. झालं काम.

जुना कारकून

@संकेश्वरी मिरची, हा सल्ला देऊ नका. तो मित्र "हे भाषांतर मी केलं" असं शपथेवर लिहून देणार, आणि तुमच्या फाइलमध्ये काकांच्या सहीचा तोच मजकूर आधीच पडलेला आहे. दोन्ही शेजारी ठेवले की झालं. खोटी माहिती दिली असं ठरलं तर कॅनडाच्या कायद्यानं पाच वर्षं तिकडं जायला बंदी येते. दोन पानांसाठी पाच वर्षं? माणूस बसवा, त्याला मूळ दाखला द्या, काकांचा कागद दाखवूही नका.

आता अपॉस्टिल. एजंट अर्धं खरं बोलतोय. १९६१च्या हेग करारात भारत २००५ मध्ये आला आणि कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून. म्हणजे भारतातला अपॉस्टिल केलेला कागद आता कॅनडात चालतो. "चालतो" याचा अर्थ "लागतो" असा होत नाही, आणि नेमकं याच फटीत एजंटांचं घर चालतं. तुमच्या पत्रात, यादीत अपॉस्टिल हा शब्द आहे का? नसेल तर एक पैसा घालवू नका.

त्याहून मोठी गोष्ट. अपॉस्टिल सांगतं काय, तर या कागदावरची सही आणि शिक्का त्या अधिकाऱ्याचाच आहे. आत काय लिहिलंय ते खरं की खोटं, भाषांतर कुणी केलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमची अडचण काकांच्या सहीची. दिल्लीचा शिक्का लावला तरी काका काकाच राहणार. परराष्ट्र मंत्रालयाची अपॉस्टिलची फी म्हणाल तर कागदाला ५० रुपये, वर नेमलेल्या एजन्सीचं थोडं शुल्क. अठरा हजारांतले बाकीचे कुठं जातात ते विचारा त्याला.

दुबई रिटर्न

मी संकेश्वरचा. अपॉस्टिल-अटेस्टेशनचा फेरा मी स्वतः मारलाय म्हणून लिहितो, पुढं कुणाला उपयोगी पडेल. संयुक्त अरब अमिरात त्या हेग करारात नाही. तिथं अपॉस्टिल चालत नाही, साखळी लागते: आधी राज्य सरकार, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांची वकिलात, आणि तिकडं उतरल्यावर त्यांचं मंत्रालय.

आपल्या सीमाभागातल्या माणसाची गंमत ही की राज्य सरकार म्हणजे कुठलं? कागद जिथला, त्या राज्याचं. माझा लग्नाचा दाखला कर्नाटकातला, तो बेंगळूरला. बी.कॉम. मात्र शिवाजी विद्यापीठाचं, ते मुंबईला. शिवाय शाळा-कॉलेजच्या कागदांना शिक्षण खातं आणि जन्म-लग्नाच्या कागदांना गृह किंवा सामान्य प्रशासन, अशी खिडकीही वेगळी. एका आठवड्यात राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूर आणि कोल्हापुरातून महालक्ष्मी पकडून मुंबई. घरात एकच माणूस, पण त्याच्या कागदांना दोन राजधान्या. सीमाप्रश्न कोर्टात २००४ पासून आहे, माझ्या पिशवीत तो एका आठवड्यात फिरून आला.

ताई, तुम्हाला यातलं काहीच लागत नाही, देवाचे आभार माना. फक्त एक करा, जन्मदाखला कॉम्प्युटरवरचा नवीन मिळतो का विचारा. माझ्या मुलाचा कन्नड-इंग्रजी दोन्हीत आला, भाषांतराचा प्रश्नच मिटला.

नंदगडची लेक

सगळ्यांचे खूप आभार. एजंटाला नाही म्हणून कळवलं. पत्र पुन्हा वाचलं, अपॉस्टिल शब्द कुठंच नाही.

नवीन दाखल्याचं विचारलं. नोंद जुनी, रजिस्टरातली, कॉम्प्युटरवर चढवायला वेळ लागेल म्हणाले. बावीसातले पंधराच दिवस उरलेत, म्हणून तो नाद सोडला.

पण नवीनच भानगड. बेंगळूरच्या एका ऑनलाइन भाषांतरवाल्याकडून नमुना मागवला. माझ्या नावात शेवटी "ता" आहे. पासपोर्टवर टी-ए. यानं लिहिलंय टी-एच-ए. वडिलांच्या नावाला आणि आडनावाला शेवटी एक-एक ए चिकटवलाय, वाचलं तर वेगळाच माणूस वाटतो. त्याला म्हटलं चुकलंय, तर म्हणतो कन्नडात जे आहे तेच लिहिलंय मॅडम. हे आता कसं निस्तरायचं?

जुना कारकून

तो खोटं बोलत नाही, त्याच्या पद्धतीनं बरोबरच आहे. दक्षिणेत "ट"ला टी आणि "त"ला टी-एच लिहायची रीत, आपण दोन्हींना टीच लावतो. आणि कन्नडात शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारतात, म्हणून "पाटील"चा "पाटीला" होतो. बेळगावातल्या मराठी माणसाचं नाव कन्नडातून इंग्रजीत जाताना एकदा तरी असं मद्रासला जाऊन येतं.

उपाय सोपा. नाव एका लिपीतून दुसरीत नेताना स्पेलिंगला पर्याय असतात, तर पासपोर्टमधलं स्पेलिंग वापर म्हणून भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत द्यायची. खाली एका ओळीची टीप: नावांचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे. पण हे फक्त स्पेलिंगपुरतं. दाखल्यात नावच वेगळं असेल, समजा वडिलांचं घरातलं नाव लागलं असेल, तर भाषांतरात ते गुपचूप बदलायचं नाही. जे लिहिलंय ते लिहायचं आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असं वेगळं शपथपत्र जोडायचं. नोंदच चुकली असेल तर १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाकडून दुरुस्ती होते, पण त्याला पंधरा दिवस पुरणार नाहीत.

माझं ऐकाल तर बेंगळूर-पुणे सोडा. बेंगळूरवाल्याला मराठी येत नाही, पुणेवाल्याला कन्नड. दोन्ही येणारी माणसं आपल्याच गावात हव्या तेवढी आहेत.

नंदगडची लेक

माणूस मिळाला! म्हणजे बाई. काकांच्याच शाळेत कन्नड शिकवायच्या, आता टिळकवाडीत राहतात. माहेर धारवाडचं कन्नड, सासर शहापूरचं मराठी. नात्याच्या कुठल्याच फांदीवर बसत नाहीत, दोनदा तपासलं.

आज बसून दोन्ही दाखले नव्यानं केले. काका सोबत आले होते, लांब खुर्चीवर बसायचं आणि बोलायचं नाही या अटीवर. "ग्रामसेवक"वर येईपर्यंत अट पाळली. काका म्हणाले "व्हिलेज सर्व्हंट" लिहू नका, गडी वाटतो. मॅडम म्हणाल्या, मास्तर, मला येतंय. शेवटी त्यांनी "ग्रामसेवक" तसंच ठेवलं आणि पुढं "ग्रामपंचायतीचा सचिव" असं इंग्रजीत लिहिलं. काका चहा पिऊन गेले.

शेवटचं एक विचारते. जन्मदाखल्यावरचा गोल शिक्का अर्धा पुसलाय. मधलं "खानापूर" तेवढं वाचता येतं, कडेचं काही दिसत नाही. तहसीलदार ऑफिसचाच आहे हे आम्हाला माहीत आहे. पूर्ण लिहू का?

निपाणीकर, मुक्काम ब्रॅम्प्टन

नको. वाचता येतं तेवढंच लिहा. "गोल शिक्का: खानापूर, बाकी मजकूर अस्पष्ट." माहीत आहे म्हणून भरायचं नाही, दिसतं तेवढंच.

नंदगडची लेक

बरं. मॅडमना फोन केला, त्या दुरुस्त करून ठेवतायत. उद्या अकराला नोटरीकडं जातोय. शपथपत्र मॅडमच्या नावानं, सही मॅडमची. काकांना घरीच ठेवतोय.