विषय: ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन किती तास?

ऑस्लोहून

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत. बाबांना स्वालबार्ड (उत्तर ध्रुवाकडची नॉर्वेची बेटं, लाँगइयरब्येन हे तिथलं मुख्य गाव) बघायचंय, कारण भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र तिथे आहे हे त्यांनी कुठेतरी वाचलंय. हॉलमधल्या नकाशावर त्यांनी आईचा शिवणाचा दोरा लावून अंतर मोजलं. ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन हे ऑस्लो ते ट्रॉम्सोपेक्षा जास्त भरलं, म्हणून आईला आता एवढा प्रवास नको वाटतोय. बाबा जन्मभर एसटीत, त्यामुळे म्हणतात, "किलोमीटर सांगू नकोस, वेळ सांग." कुणी गेलंय का?

---

ट्रॉम्सोहून

ताई, आईंना सांगा, दोरा बरोबर आहे, नकाशा खोटा आहे. भिंतीवरचे ते नकाशे उत्तरेकडे जाऊ तसे ताणत जातात. अक्षांशाचा एक अंश 111 किमी धरा. ट्रॉम्सो 69.7 अंशावर, लाँगइयरब्येन 78.25 वर. फरकाला 111 ने गुणा, साधारण 950 किमी येतात. ऑस्लो-ट्रॉम्सो त्याहून जास्त, 1,100च्या वर, म्हणजे आपलं मुंबई-दिल्ली.

बाबांसाठी: नुसतं उडणं सव्वा तासाचं, पण चढणं-उतरणं आणि धावपट्टीवरचं रेंगाळणं धरून वेळापत्रकात एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास. ऑस्लोहून थेट गेलात तर तीन तास. हिमाद्री मात्र लाँगइयरब्येनला नाही हं, ते नी-ओलेसुनला. तिथून आणखी 110 किमी वायव्येला, आणि गाडीरस्ता नाही.

जूनमध्ये तिथे धुकं धरतं. आम्ही एकदा वर घिरट्या घालून परत फिरलो. जवळजवळ चार तास हवेत, आणि उतरलो कुठे, तर ट्रॉम्सोलाच! बायको अजून चिडवते. परतीचं पुढचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका.

पण तास-किलोमीटर सोडा, आधी व्हिसा बघा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्यांना इथे उतरवून पासपोर्ट तपासतात आणि पुन्हा त्याच विमानात बसवतात. गंमत अशी की तिथे जायला व्हिसा लागत नाही, तिथून परत यायला लागतो! तुमच्याकडे रहिवासी कार्ड आहे, तुम्हाला पासपोर्टसोबत तेवढं पुरे. आई-बाबांच्या व्हिसावर एन्ट्रीच्या रकान्यात काय आहे? निदान 02 हवं, म्हणजे दोनदा प्रवेश: एक भारतातून येताना, दुसरा स्वालबार्डहून परतताना.

---

ऑस्लोहून

दादा, आत्ताच व्हॉट्सअॅपवर फोटो मागवला. दोघांचंही 01. बरं झालं विचारलं, तिकिटं आज रात्री काढणार होते.

बाबा पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "ट्रॉम्सोला तरी रात्रीचा सूर्य दिसतो ना?" दिसतो म्हटलं, 20 मे ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. आई खूश, तिला ट्रॉम्सोपर्यंतचंच हवं होतं. तर 20 जूनच्या सुमारास दोन रात्री तुमच्याकडे चालेल का? आई विचारतेय, मेतकूट आणू की भाजणी?