फासे टाकून टोळी काढतो, पण डाव एकतर्फी होतो. सल्ला हवा

अडाणकाठ:
दारव्हा तालुक्यातलं गाव. खेळणारे चौघे. खेळ टोळ्यांच्या लढाईचा. मिनी (छोटी सोंगटी-माणसं) एकूण ३४: काही प्लॅस्टिकच्या, काही थ्रीडी प्रिंट, उरलेल्या कागदी. नियम घरचेच. माणूस १५ सेंमी चालतो, ३० सेंमी पळतो, फाशावर ४ किंवा वर पडलं की घाव. पाट ९० बाय ९० सेंमी.
गुण मोजून टोळी निवडायला तासभर जातो आणि जो तो तिरंदाजच घेतो. म्हणून सहा जागांसाठी सहा वेळा एकेक फासा टाकायचं ठरवलं: १ ते ३ भालाईत, ४ गोफणवाला, ५ तिरंदाज, ६ पहिलवान. आता एकाकडे तीन पहिलवान आणि दुसऱ्याकडे एकही नाही असे डाव येतात, ते मांडतानाच संपलेले असतात. तक्ता बदलू की फासेच सोडून देऊ? कागदी माणसं पंख्याखाली पडतात, त्यावरही सांगा. बाहेरून काही मागवायचं नाही, दारव्हा-दिग्रसला मिळेल तेच.

दोन_फासे:
फाशांचा दोष नाही, एकाच फाशाचा आहे. एका फाशावर पहिलवान आणि गोफणवाला सारख्याच वेळा येतात. सहा टाकांत एकही सहा न पडण्याची शक्यता साधारण ३३ टक्के, दोन किंवा जास्त सहा पडण्याची २६ टक्के. एकतर्फी डाव येणारच.

दोन फासे टाकून बेरीज घ्या. ३६ जोड्यांपैकी ७ च्या सहा आहेत, २ ची आणि १२ ची एकेकच. नेहमीची माणसं मधे ठेवा, दुर्मीळ कडेला:

२: पहिलवान, २० गुण
३-४: तिरंदाज, १२
५: ढालकरी, १०
६-७-८: भालाईत, ८
९: गोफणवाला, ९
१०-११: घोडेस्वार, १५
१२: वैदू, १८

या तक्त्याची सरासरी एका माणसाला साडेदहा गुण, म्हणजे सहा जणांचे ६३ च्या आसपास. सगळेच भालाईत पडले तर ४८, त्याखाली टोळी जातच नाही. दोन्ही टोळ्यांत १० गुणांपर्यंत फरक असेल तर तसंच खेळा. त्यापुढच्या प्रत्येक ५ गुणांमागे कमजोर बाजूला एक परतफासा द्या, म्हणजे डावात एकदा स्वतःचा कोणताही टाक पुन्हा टाकायची मुभा. गुण आयते वाढवून देऊ नका, नाहीतर पुन्हा निवडीचा तास सुरू होतो.

धांडा:
पंख्याचं म्हनाल त बुडाले वजन द्या ना भाऊ. हार्डवेअरच्या दुकानात १२ एमएमच्या बोल्टचा वॉशर मागजा. बाहेरून २४ मिमी, मिनीच्या बुडाले बरोब्बर. नवीन वॉशरले तेल असते, त्याच्यावर डिंक धरत नाई. कपड्याच्या साबनानं धुवून पुसून घ्या, मंग जुन्या लग्नपत्रिकेची गोल चकती त्याच्यावर चिकटवा आन् माणूस त्या चकतीवर उभा करा. सरळ लोखंडावर लावसान त दुसऱ्या दिवशी निंगते.
कागदी माणूस ३ सेंमी उंच ठेवजा, पुढची-मागची बाजू एकाच पट्टीत, मधात घडी, खाली दोन्हीकडं १-१ सेंमीचे पाय बाहेर मोडलेले. फेविकॉल पातळ लावा आन् रातभर पाट्याखाली दाबून ठेवा. जाड लावला त कागद वाळताना वाकते, माणसं सलाम केल्यासारखी दिसतात. इंकजेटची शाई ओल्या डिंकानं पसरते, झेरॉक्सची पसरत नाई.

सोंगटी_ताई:
तक्ता ठीक आहे, पण त्यात एक अडचण राहतेच. तीन घोडेस्वार पडले आणि पेटीत दोनच असले तर? मग "हा भालाईत घोड्यावर आहे असं समज" सुरू होतं आणि तिसऱ्या फेरीत कुणालाच आठवत नाही. त्यापेक्षा पत्ते करा. जेवढ्या मिनी, तेवढे पत्ते, म्हणजे तुमचे ३४. मागची बाजू सारखी हवी, म्हणून सगळे पत्ते एकाच घरच्या पत्रिकांचे कापा, नाहीतर गणपतीच्या चित्रावरूनच पहिलवान ओळखू येतो.

गठ्ठे दोन करा. सरदारांचा वेगळा: पहिलवान, वैदू, घोडेस्वार. शिपायांचा वेगळा. प्रत्येकाने सरदारांतले दोन उचलून एक ठेवायचा, शिपायांतले सहा उचलून पाच. टाकलेले पत्ते उघडे ठेवायचे. टोळी पाच मिनिटांत तयार, आणि थोडं तरी आपल्या मनाचं झाल्यासारखं वाटतं. दूर मारणारे दोनाहून जास्त नकोत. तिसरा आला तर पत्ता खाली घालून पुढचा घ्या.

हत्यारं मात्र फाशाने ठरवू नका. हातात भाला दिसतोय आणि नियमात धनुष्य, यात निम्मा डाव वादात जातो. नशीब आणायचंच असेल तर स्वभावात आणा: लंगडा (चाल १२ सेंमी), भित्रा (साथीदार पडला की एक फेरी मागे), हट्टी (मागे हटत नाही). टोळीत दोघांनाच द्या, सहाही जणांचे स्वभाव लक्षात राहत नाहीत. बुडाला रंगीत टिकली लावली की झालं. हिरवी लंगडा, पिवळी भित्रा, आणि लाल घाव लागलेल्यासाठी राखून ठेवा.

अडाणकाठ:
पत्ते पटले, फासे टाकण्याची मजा जाईल तेवढीच. गुण मात्र अंदाजानेच ना? घोडेस्वार १५ चा की २० चा, यावरून आमच्याकडे भांडण ठरलेलं.

दोन_फासे:
भांडू नका, लिलाव करा. दोन्ही टोळ्या मधे मांडा, कुणाची कोणती ते ठरवू नका. एक जण म्हणेल, "घोडेस्वाराची टोळी मी घेतो, तुला एक परतफासा देतो." दुसरा म्हणेल, "मीच घेतो, तुला दोन देतो." ज्याची बोली थांबत नाही त्याला टोळी, समोरच्याला तितके परतफासे. घोडेस्वार खरंच भारी असेल तर चार रात्रीत बोलीतूनच कळेल. भावांच्या वाटणीतली जुनी रीतही चालते: एकानं वाटे करावेत, दुसऱ्यानं आधी उचलावा. चौघे असाल तर लिलाव बरा.

धांडा:
एक गोष्ट कोणी बोललं नाई. झाडंझुडपं, घरं, कुंपण हे सगळं टोळ्या काढायच्या *आधी* मांडजा. टोळी पाहून मांडलं त तिरंदाजवाला मैदान मोकळं ठेवते. त्याचा बाण ६० सेंमी जाते, चालत येणाऱ्याले १५-१५ सेंमीनं तीन-चार वेळा बाण खा लागते. पाटाचा चौथा हिस्सा झाकला पाह्यजे, १५ बाय १५ सेंमीचे आठ-नऊ तुकडे, आन् ४० सेंमीच्या वर सरळ मोकळी गल्ली कुठंच नको.
सामान शेतातच हाय. पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) बारीक फांद्या म्हंजे वाळलेली झाडं, ज्वारीच्या धांड्याचं कुंपण, धांड्याच्या भेंडाचे ओंडके. पऱ्हाटीवरची वाळली बोंडं काढून टाका, आत गुलाबी बोंडअळी झोपून राह्यते, घरात नेसान त उन्हाळ्यानंतर पतंग होऊन निंगते. थर्माकोलच्या घराले स्प्रेचा रंग मारू नका, वितळते. भिंतीचा पाण्याचा रंग चालते.

सोंगटी_ताई:
आणि थ्रीडी प्रिंटच्या मिनी टिनाच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. पीएलए, म्हणजे त्यांचं प्लॅस्टिक, ६० अंशांच्या आसपासच नरम पडतं. मे महिन्यात दुपारी टिनाखाली ठेवलेली बंद पेटी तिथपर्यंत पोचू शकते, मग तलवारी लोंबतात. वाकलीच तर चहाएवढ्या गरम पाण्यात दहा सेकंद बुडवा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात टाका. आधी वॉशर काढून घ्या, डिंक सुटतो.

अडाणकाठ:
दोन वाकलेल्या आहेतच, आज बघतो. वैदू पडला तर त्याने घाव भरायचा किती वेळा?

दोन_फासे:
डावात दोनदा, तेही चिकटून उभा असेल तर आणि त्या फेरीत चालला नसेल तर. तीनदा दिलात तर १८ गुण कमी पडतात.