'शिंगेत्सुतान त्सुकिहिमे' : रक्तपिपासूंची ही मंगा कशी वाचावी? (अनुभव धागा)

किनोको नासु यांनी लिहिलेली आणि ताकाशी ताकेउची यांनी चितारलेली 'त्सुकिहिमे' ही व्हिज्युअल नॉव्हेल (वाचत आणि पर्याय निवडत पुढे न्यायचा संगणक-खेळ) डिसेंबर २००० मध्ये टोकियोच्या कॉमिकेट या हौशी प्रकाशनांच्या जत्रेत विक्रीला आली. ती बनवणारं टाइप-मून तेव्हा हौशी मंडळ होतं. तिच्यावर बेतलेली सासाकी शोनेन यांची मंगा (जपानी चित्रकथा) 'देंगेकी दाइओ' मासिकात २००३ ते २०१० चालली आणि तिचे १० खंड झाले. हा धागा त्या मंगासाठी. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला उपयोगी पडेल ते लिहा : कुठे अडतं, का अडतं, काय केलं की सुटतं. स्वतःच्या आठवणी नकोत. शेवट फोडू नका, मधलं काही फुटणार असेल तर आधी तसं सांगा.

क्रमाबद्दल

मूळ खेळात पाच नायिका, म्हणून कथेच्या पाच वाटा. आर्कुएड आणि सिएल यांच्या वाटा शहरात घडतात. अकिहा, हिसुई आणि कोहाकु यांच्या तोनो घराण्याच्या वाड्यात. मंगाचा कणा आर्कुएडची वाट आहे, पण सिएलचा भूतकाळ आणि वाड्यातलं बरंच काही तिच्यात ओवलेलं आहे. म्हणून खेळ खेळायचा विचार असेल तर निदान आर्कुएड आणि सिएल या दोन वाटा आधी संपवा. मंगा आधी वाचली तर सिएलच्या वाटेतलं मुख्य गुपित हातात राहत नाही आणि त्या वाटेचा अर्धा ताण तिथेच जातो.

फक्त मंगाच वाचणार असाल तर बिनधास्त पहिल्या खंडापासून सुरू करा. ती स्वतःच्या पायावर उभी आहे. २००३ ची १२ भागांची ऍनिमे (ॲनिमेशन मालिका) मात्र मंगाची ओळख म्हणून पाहू नये. तिच्यात नायक शिकीच्या नजरेचे नियम इतके कमी सांगितलेत की मारामाऱ्या नुसत्या चाकूच्या वाटतात.

नजरेचे नियम (सुरुवातीचा भाग फुटतो)

सगळी भीती आणि सगळं प्रेम या नियमांवर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लहानपणी अपघातातून वाचलेल्या शिकी तोनोला प्रत्येक वस्तूवर रेषा दिसतात. त्या रेषेवरून पातं फिरवलं की तेवढा भाग मरतो. तुटतो असं नाही, मरतो. म्हणून तो पुन्हा जुळत नाही. रेषांच्या मुळाशी बिंदू असतो. बिंदूवर घाव बसला की ती वस्तू पूर्ण संपते. पात्याच्या धारेचा यात काही संबंध नाही, शिकीकडे आखूड पात्याचा एक चाकूच आहे. रेषा फार वेळ पाहिल्या की मेंदूवर ताण येतो, आणि निर्जीव वस्तूंचं मरण पाहणं सजीवांपेक्षा जड जातं, कारण भिंतीचं मरण माणसाच्या मेंदूला मुळात समजतच नाही. शिकीला लहानपणी भेटलेल्या आओको आओझाकीने दिलेला चष्मा रेषा फक्त झाकतो, शक्ती काढून घेत नाही. म्हणून मंगात चष्मा उतरला की चौकट नीट पाहा. पुढच्या पानांवर काय होणार ते तिथेच ठरलेलं असतं.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. आर्कुएड 'खऱ्या पूर्वजां'पैकी, म्हणजे माणसापासून न बनलेल्या रक्तपिपासूंपैकी. रात्री तिच्यावर रेषाच दिसत नाहीत, कारण रात्री तिला मरणच नाही. शिकी तिला दिवसा गाठतो आणि तिचे १७ तुकडे करतो. दुसऱ्या दिवशी ती रस्त्याच्या कठड्यावर बसून त्याची वाट पाहत असते. पुन्हा उभं राहण्यात तिची बहुतेक ताकद गेलेली असते आणि त्याची भरपाई म्हणून ती त्याला आपला रक्षक व्हायला सांगते. हे प्रेम अपराधाच्या हिशोबातून सुरू होतं. दिवस आहे की रात्र याकडे लक्ष न देता वाचणाऱ्याला 'एवढी बलाढ्य बाई एका शाळकरी पोराच्या हातून कशी मरते?' हा प्रश्न शेवटपर्यंत छळतो. उत्तर त्या वेळेतच आहे.

'मृत शिष्य' हा रक्तपिपासूंचा दुसरा वर्ग. हे माणसापासून झालेले, आणि रक्त पिणं ही त्यांची जगण्याची गरज. खरे पूर्वज ती ओढ ताकद खर्चून दाबून ठेवतात. आर्कुएड थकली की तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते रागापोटी नाही, ही ओढ आहे. दोन वर्गांत गल्लत झाली की नंतर येणाऱ्या रोआ या मृत शिष्याची गोष्ट कळत नाही.

नेरो केऑसच्या प्रसंगांबद्दल (फुटतं)

भयकथा म्हणून पहिला कळस हॉटेलचा. नेरो हा एक मृत शिष्य, त्याच्या अंगात ६६६ प्राण्यांचे जीव आहेत. एखादा मारला तरी तो त्याच्या देहात परत मिसळतो, म्हणून तो संपत नाही. हॉटेलमधल्या माणसांचं काय होतं ते सलग वाचा, मध्ये थांबू नका. पुढे बागेतली झुंज येते तेव्हा एक गोष्ट तपासा : शिकीने मारलेले प्राणी परत जात नाहीत. नेरो स्वतः चकित होतो तो याच कारणाने. वर सांगितलेला 'मरतो, तुटत नाही' हा नियम इथे कामाला येतो.

खेळात हे सगळं शिकीच्या मनातल्या लांबलचक वाक्यांतून येतं आणि मागे छायाचित्रांवर प्रक्रिया करून बनवलेली पार्श्वभूमी असते. मंगाला निवेदन एवढं परवडत नाही. त्यामुळे जिना, खोल्या, बागेतली मोकळी जागा चितारावी लागली, कोण कुठे उभा आहे हे दाखवावं लागलं. माझ्या मते बागेची झुंज मंगातच जास्त नीट कळते. उलट शिकीच्या डोक्यातला गोंधळ, तो जागा आहे की स्वप्नात हा संशय, खेळातच जास्त खोल जातो.

मूळ खेळ चालवताना

जुना खेळ ६४० × ४८० चा, एनस्क्रिप्टर इंजिनवर बनवलेला. मजकूर शिफ्ट-जिस या जपानी अक्षरांच्या संकेतप्रणालीत असतो. आजच्या विंडोजवर थेट उघडलात तर अक्षरांऐवजी कचरा दिसतो. नियंत्रण पॅनेलमधल्या 'रीजन' सेटिंगमध्ये जाऊन युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमसाठी सिस्टीमची भाषा जपानी करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. फोल्डरचं नाव साध्या रोमन अक्षरांत ठेवा. 'कादंबऱ्या' असं देवनागरी नाव दिलंत तर ते शिफ्ट-जिसमध्ये बसत नाही आणि खेळाला स्वतःच्याच फायली सापडत नाहीत.

मूळ आवृत्ती प्रौढांसाठीची आहे, १८ वर्षांखालच्यांना देऊ नये. चुकीचा पर्याय निवडून मेलात की सिएल शिक्षिकेच्या वेषात येऊन कुठे चुकलं ते सांगते. तो भाग टाळू नका, पुढचा पर्याय त्यातच असतो. आणि प्रत्येक पर्यायाच्या आधी वेगळ्या खणात सेव्ह करा. एकाच खणावर सेव्ह करत राहिलात तर चूक तीन दिवस आधीची निघते आणि मागे जायला जागा नसते.

पानं, पडदा, आवृत्ती

वाचन उजवीकडून डावीकडे, चौकटी वरच्या उजव्या कोपऱ्यापासून. हे बहुतेकांना ठाऊक असतं. अडचण येते ती जोडपानांची. वाचक-ॲप मुखपृष्ठालाही पान धरतं, मग जोड्या एकाने सरकतात आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र वेगवेगळ्या पडद्यांवर येतं. 'पहिलं पान एकटं' हा पर्याय चालू केला की जोड्या जुळतात.

दुसरी गोष्ट रात्रीच्या दृश्यांची. करड्या छटेसाठी वापरलेल्या स्क्रीनटोनमध्ये बारीक ठिपके असतात. पान आकसलं की ते पडद्याच्या पिक्सेलशी जुळत नाहीत आणि आकाशावर लाटांसारखे पट्टे उठतात. शिकीच्या नजरेतल्या रेषा आधीच बारीक, त्या या पट्ट्यांत हरवतात. फोन आडवा धरा किंवा पान मोठं करून अर्धं अर्धं वाचा. टॅब्लेटवर हा त्रास कमी. कागदी खंड बी-६ आकाराचे, १२८ × १८२ मिमी. रेषा पाहायच्या तर तेच उत्तम.

इंग्रजी छापील अनुवाद डीआर मास्टरने सुरू केला होता, तो मध्येच थांबला. जुने इंग्रजी खंड घेताना संच पूर्ण होणार नाही हे धरूनच पैसे द्या.

नव्या खेळाबद्दल थोडक्यात

२६ ऑगस्ट २०२१ ला जपानमध्ये प्लेस्टेशन ४ आणि स्विचवर 'त्सुकिहिमे'ची पुनर्निर्मिती आली, २७ जून २०२४ ला इंग्रजीत. मंगा वाचून तिच्याकडे गेलात तर गाव बदललेलं दिसेल, आणि नेरोच्या जागी व्लॉव अर्खांगेल हा वेगळाच शत्रू आहे. त्यामुळे मंगातला प्रसंग तिथे शोधत बसू नका. या पहिल्या भागात फक्त आर्कुएड आणि सिएल यांच्या वाटा आहेत. हिसुई-कोहाकु यांच्यासाठी जुना खेळच लागतो, आणि त्यातही कोहाकुची वाट सगळ्यात शेवटी ठेवा, कारण आधीच्या चारही वाटांतल्या तिच्या वागण्याचा उलगडा तिथे होतो.