अनुभव धागा: कुंडीतली कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता

परसदार
आज पुदिन्याची जुडी निवडताना मोरीच्या पाण्यावर माजलेला परसातला पुदिना आठवला. खिडकीच्या ग्रिलमध्ये तो तसा आपसूक येत नाही, म्हणून हा धागा. नवीन लावणाऱ्यांसाठी नेमकं लिहा: किती, कधी, कुठे बिघडतं.
सुरुवात पुदिन्यापासूनच. जुडीतल्या जाड काड्या निवडा, पेराच्या लगेच खाली कापून ४-५ इंचांच्या करा. शेंड्याची ४ पानं ठेवून बाकीची काढा. पेल्यात दोन पेरं बुडतील एवढंच पाणी, रोज बदला. ८-१० दिवसांत मुळं येतात. मग पसरट कुंडीत लावा, खोल नको, तो आडवा पळतो. कुंडी मात्र त्याची एकट्याची हवी. शेजारी काही लावलं तर महिन्याभरात दिसेनासं होतं.

गच्चीवरची
कोथिंबीर. धने लाटण्याने हलके रगडायचे. एका धन्यात दोन बिया असतात, त्या फक्त सुट्या करायच्या, कूट नाही. रात्रभर भिजवा. किराणा दुकानातले चालतात, पण जुने काळपट नकोत. कुंडी ६-८ इंच खोल, तळाला भोकं. २ भाग माती, १ भाग गांडूळखत, १ भाग कोकोपीट. ओळीत पेरून वर जेमतेम १ सेंमी माती. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात. पाचव्या दिवशी उकरून बघू नका, कोंब तिथेच मोडतो!
रोपं उपटून दुसरीकडे लावू नका. सोटमूळ दुखावतं.

रिकामी_कुंडी
उगवते हो ताई, बोटभर होते आणि लोळते. का?

गच्चीवरची
बुंधा बघा. मातीलगत काळपट, चिमटल्यासारखा असेल तर मर लागलीये. पाणी जास्त आणि दाटी जास्त. त्या कुंडीला आता पाणी बंद, पुढच्या वेळी दोन बियांत बोटभर अंतर. बुंधा चांगला पण रोप लांबट, फिकट असेल तर ऊन कमी पडतंय. निदान ४ तास थेट ऊन हवं.

मीठमिरची
आणि एप्रिल-मेमध्ये पेरून हिरमुसू नका. पारा तिशीच्या वर गेला की ती पानं सोडून तुऱ्याच्या मागे लागते. पान बडीशेपेसारखं बारीक व्हायला लागलं की लगेच कापून घ्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा हंगाम. दर १५ दिवसांनी एक कुंडी पेरली की जुडी विकत आणावी लागत नाही.

कढीलिंब
कढीपत्त्याची पानं रातोरात गायब होत असतील तर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी शोधा. लिंबाच्या फुलपाखराची असते. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून ते तिथे अंडी घालतं. मोठी झाली की हिरवी होते आणि देठात बेमालूम लपते. हाताने उचला, फवारणी लागतच नाही. मावा असेल तरच १ लिटर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि भांड्यांच्या साबणाचे २-३ थेंब, संध्याकाळी. नंतर आठवडाभर ती पानं फोडणीत नकोत.
पान ओरबाडू नका, अख्खी डहाळी कापा. तिथून दोन फुटतात. फुलं आली की खुडायची.

परसदार
आंबट ताकाबद्दल लिहा ना.

कढीलिंब
१ भाग ताक, १० भाग पाणी, महिन्यातून एकदा. मीठ-जिरं घातलेलं अजिबात नको. दाट ओतलं तर वास, बुरशी आणि मुंग्या. हिवाळ्यात झाड थांबतं, तेव्हा ताकही नको, खतही नको.

दूरदेशी
अमेरिकेतल्यांनो, कढीपत्त्याचं रोप एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊ नका. त्यावर संत्र्या-लिंबांना रोग पसरवणारी सिलिड कीड राहते, म्हणून निर्बंध आहेत. स्थानिक नर्सरीतून घ्या. थंडी पडण्याआधी कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीत.

मीठमिरची
पानओवा कुणीच लिहिला नाही! इतकं सोपं काही नाही. वीतभर काडी थेट मातीत खोचा. पान जाड असतं, पाणी साठवतं, म्हणून माती वरून बोटभर सुकल्यावरच पाणी. मसाल्याच्या डब्यातला ओवा मात्र या झाडाचा नव्हे, ते झाड वेगळं.

रिकामी_कुंडी
त्याची भजी 😍 बेसनात तांदळाचं पीठ किती?

मीठमिरची
वाटीला २ चमचे. पान धुऊन पूर्ण कोरडं करा, नाहीतर पीठ सुटतं.

गच्चीवरची
गवती चहाचा ठोंब लावायला जून-जुलै उत्तम. पाती ६ इंचांवर कापा आणि मग लावा. एका कुंडीत एकच ठोंब.

रिकामी_कुंडी
सोडा घालता का भज्यांत?

मीठमिरची
नाही गं, चमचाभर कडकडीत मोहन.