स्मार्ट कॅमेरा नक्की करतो काय?

आमच्या लाईनवर बाटलीचं झाकण तिरकं बसलंय का ते बघायला स्मार्ट कॅमेरा बसवलाय, पीसी कुठेच दिसत नाही, मग चेकिंग होतं कुठे? आणि दुपारनंतर चांगल्या बाटल्याही रिजेक्ट मारतो राव.

शिफ्टवाला: पीसी आतच आहे. सेन्सर, प्रोसेसर, आय/ओ (सिग्नल आत-बाहेर करायच्या वायरी) सगळं एकाच डबीत. फोटोसेन्सरने बाटली पकडली की ट्रिगर, मग फोटो, आत झाकणाची कड शोधून कोन मोजायचा, मर्यादेबाहेर गेला की २४ व्होल्टचा सिग्नल पीएलसीला (लाईन चालवणारा कंट्रोलर), आणि पुढे हवेचा फटका मारून बाटली बाहेर.

लेन्सवेडा: दुपारनंतर म्हणजे खिडकीचं ऊन येतंय, दुसरं काय! निम्मं काम लाईटचं असतं, लोक कॅमेऱ्यावर लाखभर घालवतात आणि लाईटला कंजूषी. आधी आडोसा करा, मागून बॅकलाईट द्या, झाकण काळं सावलीसारखं स्वच्छ दिसतं.

शिफ्टवाला: एक्सपोजरपण बघा हां, म्हणजे एका फोटोसाठी सेन्सर किती वेळ प्रकाश घेतो ते. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर पळत असेल आणि एक्सपोजर २ मिलिसेकंद, तर तेवढ्यात बाटली १ मिमी सरकते, कड फिसकटलेली येणारच.

प्रश्नकर्ता: खिडकीला पुठ्ठा लावला, रिजेक्ट थांबले 😄 एक्सपोजर उद्या बघतो.