मदत हवी आहे: ‘कूळांगल’मधल्या चालण्याच्या दृश्यांबद्दल

पी. एस. विनोदराज यांचा पहिलाच तमिळ चित्रपट. २०२१ मध्ये रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवात टायगर पुरस्कार मिळाला तो. रणरणत्या उन्हात बाप पुढे, पोरगा मागे. तोंड कोरडं पडू नये म्हणून पोरगा खडा तोंडात धरतो, तिथे माझाच घसा सुकला!

आमच्या फिल्म क्लबात रविवारी यावर बोलायचं आहे. चित्रपट तीनदा पाहिला, इंग्रजी मुलाखती वाचल्या. तमिळ येत नाही, त्यामुळे तमिळ मुलाखती तशाच राहिल्यात. कथा-आशयावर भरपूर सापडलं, ते नको. चालतानाचे लांबलचक शॉट कॅमेरा हातात धरून घेतलेत की गिंबलवर (चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या उपकरणावर)? तमिळ जाणणाऱ्या कुणी हे दिग्दर्शक किंवा छायालेखकाच्या तोंडून ऐकलंय का?